डॉक्टरसाहेब मास्क लावायचे ना?

जळगाव आणि इंदूरच्या मधल्या आमच्या गावी, लालबागेत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर अनंत डॉक्टरांचा दवाखाना होता. खाली दवाखाना, वर घर. तिथे लीलाधर चौधरी एकतीस वर्षं कंपाउंडर होते. डॉक्टर गेले. आता त्या खुर्चीवर दुसऱ्या डॉक्टर बसतात, पण लीलाधरभाऊ तिथेच आहेत. मी निवृत्त मास्तर. महिन्यातून एकदा गोळ्या लिहून घ्यायला जातो. गेल्या वर्षी तीन-चार खेपांत, दवाखाना रिकामा असताना, त्यांनी मला ही हकीगत सांगितली. सांगताना त्यांचा आवाज कुठे वर गेला नाही, कुठे अडकला नाही. सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवणानंतर, असं सांगतात ना, तसं सांगितलं. मी फक्त मागचं-पुढचं जुळवून लिहितो आहे.

लीलाधरभाऊ मूळचे जवळच्या निंबोल्याचे. बारावीला सायन्स घेतलं, फिजिक्स राहिलं, ते राहिलंच. तेविसाव्या वर्षी कुणाच्या तरी ओळखीने अनंत डॉक्टरांकडे आले. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी त्यांचे दोन्ही हात उलटे-सुलटे करून पाहिले आणि नखं कापून यायला सांगितलं. पुढे पट्टी बांधणं, इंजेक्शन देणं, टाके काढणं, सगळं तिथेच शिकले. गोळ्यांच्या पुडीवर ते मराठीवाल्यांना मराठीत लिहून देत, हिंदीवाल्यांना हिंदीत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना सूर्य आणि चंद्र काढून देत. दुपारच्या गोळीला भाकरी काढायचे. घरी बायको कविता. मुलगी अश्विनी जळगावला दिलेली. त्यांच्या आयुष्यात सांगण्यासारखं एवढंच होतं, असं तेच म्हणाले.

मग दोन हजार वीस साल आलं.

पहिल्या वर्षी अनंत डॉक्टरांइतका कडक माणूस लालबागेत दुसरा नव्हता. त्यांनी दवाखान्याच्या दारात आडवं टेबल लावलं. बाकं बाहेर ओट्यावर काढली. आतल्या खोलीच्या दोन्ही खिडक्या उघड्या ठेवायचा हुकूम होता, डिसेंबरातसुद्धा. मास्क नसला तर लीलाधरभाऊंनी पेशंटला आत सोडायचं नाही, मग तो कुणीही असो. एकदा नगरसेवकाच्या सासऱ्यांना त्यांनी ओट्यावर बसवून ठेवलं होतं.

डॉक्टर पेशंटसमोर काडी पेटवत आणि मास्क लावून फुंकायला सांगत. काडी विझली की म्हणत, "हा मास्क नाही, हा नुसता दिखावा. दुसरा आण." लोकांना गंमत वाटायची. काही लोक तेवढ्यासाठी येऊन उभे राहायचे.

मास्क शिवले होते शारदावहिनींनी, म्हणजे डॉक्टरांच्या मिसेसनी. इथल्याच लूमचं सुती कापड, तीन पदरी, नाकावर वाकवायला आत पातळ तार. डॉक्टरांचे चौदा, लीलाधरभाऊंचे सात. रोज संध्याकाळी वहिनी ते साबणाच्या पाण्यात उकळायच्या आणि सकाळी इस्त्री करून खाली पाठवायच्या. डॉक्टरांचे जरा मोठे, कारण त्यांचा चेहरा रुंद.

ते वर्ष निघालं. दवाखान्यात रोज खोकणारे पेशंट येत होते, त्यातले कितीतरी पुढे पॉझिटिव्ह निघाले, पण या दोघांना काही झालं नाही. शेजारच्या मेडिकलवाल्याला झालं, समोरच्या शिंप्याच्या घरात चौघांना झालं. डॉक्टर म्हणायचे, "लीलाधर, हे कापड काम करतंय." लीलाधरभाऊ मान हलवायचे. त्यांना तेव्हा वाटलं होतं, आपण आता यातून निघालो.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये पेशंट एकदम वाढले. रोजचे सत्तर-ऐंशी. इंदूर रोडने निंबोल्याकडची माणसं मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून यायची, मधल्याला ताप असायचा. ऊन असं की दुपारी खिडकीतून आगीसारखी झळ यायची. चार दिवस सोसून डॉक्टरांनीच खिडक्या लावून घेतल्या आणि कूलर सुरू केला. दाराचं टेबलही कडेला गेलं, कारण पेशंटला उचलून आत आणावं लागायचं.

आणि डॉक्टरांचा आवाज आधीपासून बारीक. अडुसष्टाव्या वर्षी, मास्कच्या आतून, कूलरच्या घरघरीत, तो समोरच्या माणसापर्यंत पोहोचतच नव्हता.

निंबोल्याचे लोटूआप्पा त्यांचे पंधरा वर्षांचे साखरेचे पेशंट. कानाने जवळपास बहिरे. समोरच्याचे ओठ बघून ऐकायचे. त्या महिन्यात ते तीनदा आले. डॉक्टर बोलत आणि आप्पा नुसते त्यांच्या मास्ककडे बघत बसत.

"काय म्हनता?" आप्पा विचारायचे. "काय म्हनता, सायेब?"

मग डॉक्टर मास्क हनुवटीखाली ओढायचे आणि पुढे वाकून सांगायचे, "साखर वाढलीय, आप्पा. केळं बंद."

आप्पा हसायचे. "हाव हाव. आता समजलं."

आप्पांसाठी सुरू झालं, मग बाकी म्हाताऱ्यांसाठी, मग सगळ्यांसाठी. डॉक्टर एकदा म्हणाले, "तोंड दिसल्याशिवाय माणसाला धीर येत नाही रे. घाबरून आलेला असतो, त्याला नुसते माझे डोळे दाखवून काय उपयोग?"

लीलाधरभाऊ आपल्या काउंटरवरून बघायचे. डॉक्टरांनी मास्क खाली घेतला की ते स्वतःच्या नाकाला बोट लावायचे. खूण ठरलेली नव्हती, पण डॉक्टरांना कळायची, ते मास्क वर घ्यायचे. पाच मिनिटांनी परत खाली. असं आठवडाभर चाललं. एका दुपारी दहा-बारा पेशंट खोलीत असताना त्यांनी बोट लावलं, तर डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "पुरे कर आता. मला कळतं."

एकतीस वर्षांत ते असं बोलले नव्हते. लीलाधरभाऊंनी त्यानंतर बोट लावलं नाही.

त्यांनी मला हेही सांगितलं की रोज चारला दोघं दार लावून चहा प्यायचे. टेबलाच्या दोन बाजूंना, दोघांचे मास्क खाली, दहा-पंधरा मिनिटं. "ते पण सांगायला पाहिजे, सर," ते म्हणाले. "मी काही फार शहाणा नव्हतो."

सोळा एप्रिलला डॉक्टरांना ताप आला. दोघांनी टेस्ट केली. डॉक्टर पॉझिटिव्ह, लीलाधरभाऊ निगेटिव्ह. चार दिवसांनी पुन्हा केली, पुन्हा निगेटिव्ह. वहिनींनाही झालं, पण हलकं, त्या घरीच बऱ्या झाल्या. डॉक्टरांना आधी इथे ॲडमिट केलं, मग ऑक्सिजन उतरायला लागला तेव्हा इंदूरला नेलं. पुण्याहून मुलगा, निलेश, थेट तिकडे पोहोचला. अठ्ठावीस तारखेला सकाळी फोन आला. तिकडेच सगळं उरकलं. इथे फक्त कलश आला.

त्या बारा दिवसांत लीलाधरभाऊ रोज नऊला शटर उघडत होते. झाडत होते, टेबल पुसत होते, स्टूलवर बसत होते. पेशंट यायचे, त्यांना दुसरीकडचा पत्ता सांगत होते. फोन आला त्या दिवशीही त्यांनी एक वाजेपर्यंत दवाखाना उघडा ठेवला. "बंद करायचं सुचलं नाही," म्हणाले. घरी गेले, बाहेरच्या नळावर आंघोळ केली, जेवले. कविता रडत होती. त्यांनी तिला भाजीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. नंतर त्यांना त्याची लाज वाटली, पण तेव्हा खरंच मीठ कमी लागलं होतं.

पाचव्या दिवशी निलेशने त्यांना वर बोलावलं. हॉलमध्ये डॉक्टरांचा फोटो, समोर दिवा. वहिनी भिंतीला टेकून सतरंजीवर बसलेल्या, आजारातून नुकत्याच उठलेल्या. निलेश खुर्चीवर होता, हातात फोन. सकाळपासून नातेवाइकांचे फोन चालू होते आणि सगळ्यांना तो तेच ते सांगत होता.

"काका, एक विचारायचं होतं," निलेश म्हणाला. "पप्पा दवाखान्यात मास्क लावायचे ना? कायम?"

लीलाधरभाऊंनी वहिनींकडे पाहिलं. त्या त्यांच्याकडेच बघत होत्या. डोळ्यांची पापणीसुद्धा हलवत नव्हत्या.

"हो," ते म्हणाले. "कायम. एक मिनिट काढला नाही."

"शुअर?"

"मी समोरच असायचो ना."

वहिनींनी मान खाली घातली. लीलाधरभाऊंना वाटलं, त्यांना बरं वाटलं असावं. निलेशने हातातला फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "मग काय उपयोग झाला? सगळी नाटकं आहेत." त्याच्या फोनची रिंग वाजली. त्याने उचलला आणि पलीकडच्याला सांगितलं, "नाही काका, एक मिनिटही काढायचे नाहीत. कंपाउंडर समोरच होते. तरी झालं."

लीलाधरभाऊ उठून खाली आले. घरी कविताला सांगितलं. ती म्हणाली, "चांगलंच केलं. गेलेल्या माणसाची चूक काढून काय करायचं?" त्यांनाही तेच पटलं होतं. त्या रात्री ते नीट झोपले.

गल्लीच्या तोंडाशी दगाभाऊंची दूध डेअरी आहे. कर्फ्यूतही सकाळी दोन तास ती उघडी असायची आणि तेवढ्या वेळात सगळं लालबाग तिथे भेटायचं. निलेश पुण्याला परत गेला त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी लीलाधरभाऊ पातेली घेऊन रांगेत उभे होते. पुढे दोघं-तिघं बोलत होते. दगाभाऊ माप भरता भरता म्हणाले, "अरे भाई, मास्क-बिस्क सब बेकार. आपले अनंत डॉक्टर बघा. तीन पदरी लावायचे. चोवीस तास. गेले का नाही? और पूछना है तो ये लीलाधरभाऊ खडे हैं, सामने बैठते थे."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

"हो ना भाऊ?" दगाभाऊंनी विचारलं.

लीलाधरभाऊंनी पातेली पुढे केली. "अर्धा लिटर," म्हणाले.

दगाभाऊंनी दूध घातलं. त्यांनी स्वतः त्या दिवशी मास्क लावला नव्हता. आदल्या आठवड्यापर्यंत लावायचे, निळा, कापडी.

मग हे वाक्य लीलाधरभाऊंना सगळीकडे भेटायला लागलं. मेडिकलवर, बँकेच्या लाइनीत, रेशनच्या दुकानात. दर वेळी त्यात थोडं काहीतरी वाढलेलं असायचं. कुणी म्हणे डॉक्टर दोन-दोन मास्क लावायचे, कुणी म्हणे झोपतानाही काढत नसत. शेवटी 'कंपाउंडर स्वतः सांगतो' हे मात्र सगळीकडे सारखं. अश्विनीने जळगावहून फोन केला तेव्हा तिच्या सासरीही ते पोहोचलं होतं. निलेशने फॅमिली ग्रुपवर लिहिलं होतं, ते कुणीतरी पुढे पाठवलं होतं.

लीलाधरभाऊ स्वतः मास्क लावून फिरत होते. लोक त्यांच्याकडे बघून म्हणायचे, "आता तरी काढा हो." ते काढत नसत, आणि उत्तरही देत नसत. त्यांना राग येत नव्हता की काही नाही. लोक बोलायचे ते त्यांना ऐकू यायचं, एवढंच.

मे महिना संपत आला होता. दवाखान्याचं पुढे काय करायचं ते ठरलेलं नव्हतं, म्हणून जुन्या पेशंटचे कागद द्यायला ते सकाळी दोन तास बसायचे. एके दिवशी लोटूआप्पा आले, बरोबर त्यांची बायको गोदाबाई. आप्पांच्या गळ्यात गमछा होता, तोंडावर काही नव्हतं. गोदाबाईंचाही पदर खांद्यावरच होता. आप्पांना अधूनमधून खोकला येत होता.

"आप्पा, गमछा बांधा," लीलाधरभाऊ म्हणाले.

"काय म्हनतं?" आप्पांनी बायकोला विचारलं.

गोदाबाईंनी हात झटकला. "काही नका सांगू, भाऊ. आमच्या गावात आता कोनी बांधत नाही. डाक्टरसायेब बांधून बांधून गेले. मंग आमचं काय?"

लीलाधरभाऊंच्या तोंडाशी सगळं आलं होतं. ते सांगणार होते की बाई, डॉक्टर बांधून गेले नाहीत, डॉक्टर काढायचे. पण त्यापुढचं वाक्यही त्यांना दिसत होतं. कुणासाठी काढायचे, असं गोदाबाई विचारणार. आणि हे आप्पांना ऐकू जायचं तर ओरडून सांगावं लागणार. वर वहिनींच्या हॉलची खिडकी उघडी होती.

ते काउंटरच्या बाहेर आले. आप्पांच्या गळ्यातला गमछा घेतला, झटकला, दुपदरी केला आणि त्यांच्या नाका-तोंडावरून घेऊन मागे गाठ मारली. आप्पा लहान मुलासारखे उभे राहिले. गोदाबाईंनी आपण होऊन पदर ओढून घेतला. लीलाधरभाऊंनी कागद दिले, ज्या डॉक्टरांकडे जायचं त्यांचं नाव सांगितलं, गोळ्यांच्या पुडीवर सूर्य-चंद्र काढून दिले.

दोघं बाहेर गेली. मोटारसायकलवर बसताना आप्पांनी गमछा खाली ओढला आणि गोदाबाईला काहीतरी विचारलं. तिने आप्पांना दिसावं म्हणून पदर बाजूला करून उत्तर दिलं. मग दोघंही तशीच गेली.

लीलाधरभाऊ थोडा वेळ दारात उभे राहिले. मग आत आले, हात धुतले आणि जिन्याने वर गेले. आधी काही ठरवलं नव्हतं, असं ते म्हणतात.

वहिनी हॉलमध्ये एकट्याच होत्या. टीव्ही चालू होता, आवाज बंद होता.

"वहिनी, एक सांगायचं होतं. मी त्या दिवशी निलेशला खोटं सांगितलं."

त्यांनी टीव्ही बंद केला.

"साहेब मास्क काढायचे. पेशंटशी बोलताना. एप्रिलमध्ये."

"किती वेळ?"

"पेशंट असेपर्यंत. म्हणजे तसं पाहिलं तर पूर्ण वेळच."

खाली रस्त्यावरून केळीचा ट्रक गेला.

"तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"सांगायचो. खूण करायचो. मग एकदा ते चिडले."

"चिडले म्हणून बंद केलंस."

"हो."

"आणि तुझा?"

"माझा लावलेला असायचा. चहाचा वेळ सोडून."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "निलेशला का असं सांगितलंस?"

"तुम्ही बसल्या होत्या. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

"बरं?" वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा झाला नाही. "महिना झाला, मी एकच गोष्ट घेऊन बसलेय. मला वाटत होतं, माझेच मास्क नीट नव्हते. कापड पातळ पडलं. रोज उकळून त्याची वीण सैल झाली असेल. नवीन शिवायला पाहिजे होते, कापड घरात पडलेलं होतं, मीच आळस केला. ते कायम लावत होते आणि तरी झालं, म्हणजे मास्कमध्येच खोट. आणि ते शिवले कोणी? मी."

हे लीलाधरभाऊंच्या मनातही आलं नव्हतं.

"वहिनी, मास्क चांगले होते."

"जा आता तू," त्या म्हणाल्या.

ते खाली आले. शटर ओढलं, कुलूप लावलं, सायकल काढली. घरी पोहोचेपर्यंत रस्त्यात कोण भेटलं, ते त्यांना आठवत नाही.

संध्याकाळी निलेशचा फोन आला. तो बराच वेळ बोलला. "तुम्ही समोर बसून बघत होता, काका? बघत होता? मला तेव्हाच सांगितलं असतं तर मी निदान लोकांना असलं काही सांगितलं नसतं." लीलाधरभाऊ 'हो' म्हणत राहिले. निलेशचं म्हणणं बरोबर होतं, त्याला दुसरं काय म्हणणार? शेवटी निलेश रडायला लागला आणि त्याने फोन ठेवला. ग्रुपवर त्याने नंतर खरं काय ते लिहिलं. ते कुणी पुढे पाठवलं नाही.

वहिनींनी मात्र एक केलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला, फोन करणाऱ्या प्रत्येकाला त्या स्वतः सांगायला लागल्या, "ते काढायचे. पेशंटशी बोलायला काढायचे. लावला असता तर कदाचित वाचले असते, कदाचित नसतेही, पण लावून गेले असं म्हणू नका." लोक ऐकून घ्यायचे. खाली उतरल्यावर म्हणायचे, बाई दुःखात आहेत, काहीही बोलतात. लीलाधरभाऊही दगाभाऊंच्या डेअरीवर जाऊन सरळ बोलले, "मी खोटं सांगितलं होतं. साहेब मास्क काढायचे." दगाभाऊ म्हणाले, "आता तुमच्यावर प्रेशर आलं असेल, भाऊ. मैं समझता हूँ." आणि त्यांच्या हातात दुधाचं पातेलं दिलं.

त्या उन्हाळ्यात निंबोल्यात चार माणसं गेली. गोदाबाई पंधरा दिवस ऑक्सिजनवर होत्या. वाचल्या, पण आता ओटा चढला तरी दम लागतो. आप्पांना काही झालं नाही. या सगळ्यांपैकी कुणी आपलं ऐकून तोंडावरचं कापड काढलं होतं का, हे लीलाधरभाऊंना माहीत नाही, आणि कळायचा मार्गही नाही. त्या गावात तेव्हा लग्नंही झाली होती आणि दिवसकार्यंही. मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" तर ते म्हणाले, "काही वाटत नाही, सर. मी पुष्कळदा वाटून घ्यायचा प्रयत्न केला."

दिवाळीनंतर वहिनी निलेशकडे पुण्याला गेल्या. वर्षभर दवाखाना बंद राहिला. लीलाधरभाऊ एका मेडिकलमध्ये काम करत होते. मग डॉक्टर गायत्री आल्या, पस्तीस-छत्तीस वर्षांच्या, इथल्याच. त्यांनी जागा भाड्याने घेतली आणि लीलाधरभाऊंना परत बोलावलं. खोलीत त्यांनी सगळ्यात आधी वरच्या बाजूला दोन मोठे एक्झॉस्ट पंखे लावले.

एकदा दुपारी लीलाधरभाऊंनी त्यांना विचारलं, "मॅडम, मास्कने खरंच थांबतं का?"

"सगळं नाही थांबत, काका. कमी होतं," त्या म्हणाल्या. "आजारी माणसाने लावला तर त्याच्या तोंडातून कमी बाहेर पडतं. समोरच्यानेही लावला तर अजून कमी आत जातं. मास्क नीट बसलेला पाहिजे, चांगल्या प्रतीचा असला तर जास्त फायदा. बंद खोलीत, गर्दीत, हवा खेळत नसेल तिथे तर लावायलाच पाहिजे. नाकाखाली असला तर लावला काय, नाही लावला काय."

"साहेबांनी काढला आणि ते गेले. मी लावला आणि मला झालं नाही."

"त्यावरून काही ठरवता येत नाही."

"का?"

"दोनच माणसं झाली ना. तुमचं वय वेगळं, त्यांचं वेगळं. ते पेशंटच्या एक हातावर, तुम्ही दहा फुटांवर. चहा तर तुम्ही दोघं सोबत प्यायलात. हजारो माणसं मोजावी लागतात, तेव्हा कुठे कळतं. तुमच्या एका खोलीवरून नाही कळणार, या बाजूनेही नाही, त्या बाजूनेही नाही."

लीलाधरभाऊंनी त्यावर विचार केला. त्यांच्या लक्षात आलं की मग दगाभाऊंचं म्हणणं जसं पोकळ, तसंच त्यांचं स्वतःचंही. डॉक्टर मास्क काढायचे म्हणून गेले, हे धरून ते एवढे दिवस चालले होते. आता तेही हातात राहिलं नाही. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. बाहेर पेशंट आला होता, त्यांनी त्याचं नाव लिहून घेतलं.

गेल्या हिवाळ्यात सर्दी-तापाची साथ होती तेव्हाची गोष्ट मी स्वतः पाहिली. ओट्यावर पंधरा-वीस माणसं होती. खोकणाऱ्यांना मॅडमनी मास्क द्यायला सांगितलं होतं. एक चाळिशीचा माणूस मास्क हातात घेऊन हसला. "अरे याने काय होतं? इथले पहिले डॉक्टर तर लावूनच गेले ना?"

"नाही," लीलाधरभाऊ काउंटरवरून म्हणाले. "ते काढायचे. लावून गेले, हे खोटं मीच सांगितलं होतं."

त्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलं, मग इतरांकडे. "अच्छा," म्हणाला आणि मास्क एका कानाला अडकवला. लीलाधरभाऊ उठून त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "दोन्ही कानांना." त्याने लावला. नंबर येईपर्यंत तरी त्याने तो काढला नाही. पुढचं मी पाहिलं नाही, माझा नंबर आला.

वहिनी दर जानेवारीत पंधरा दिवस इकडे येतात, वरचं घर उघडतात. खाली येऊन गायत्री मॅडमना भेटतात. लीलाधरभाऊंशी तीन वर्षं त्या कामापुरतंच बोलायच्या. पाण्याची मोटर, नळाचा वॉशर, लाइटचं बिल, एवढंच. या जानेवारीत त्या निघायच्या दिवशी ते त्यांची बॅग रिक्षात ठेवत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "अश्विनीला काय झालं?"

"मुलगी," लीलाधरभाऊ म्हणाले. "नोव्हेंबरमध्ये."

"नाव काय ठेवलं?"

"सायली."

"बरं," वहिनी म्हणाल्या, आणि रिक्षावाल्याला स्टेशनला घ्यायला सांगितलं.